परवडणारी रुबी पोर्ट: चाखायची कशी, तुलना कशाची करायची

"चार कंपन्यांच्या स्वस्तातल्या रुबी पोर्ट आणल्या, त्यांतली एक बिन 27. एका संध्याकाळी चौघांनी बसून एकापाठोपाठ एक चाखल्या. सगळ्यांचं मत एकच पडलं: गोड आहे आणि कडक आहे. यापलीकडे खरंच फरक असतो का? असेल तर तो कळण्यासाठी काय करायचं? आणि थोडे जास्त पैसे टाकून 'रिझर्व्ह' लिहिलेली बाटली घेण्यात अर्थ आहे का?" रुबी पोर्ट, म्हणजे मद्यार्क घालून केलेली पोर्तुगालची गोड लाल वाइन, हिच्याबद्दलचा हा प्रश्न आहे.

फरक असतो, आणि चांगला ठळक असतो. तो सापडला नाही याचा दोष तुमच्या जिभेकडे जात नाही, चाखण्याच्या रीतीकडे जातो. गेली बावीस वर्षं मी वाइन निवडून देण्याचं आणि लोकांना चाखायला शिकवण्याचं काम करतो. एवढ्या वर्षांत सर्वांत जास्त चुकीचे निकाल मी रुबी पोर्टच्याच टेबलावर पाहिले, त्यात माझेही आहेत. लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर आणि 20 टक्के अल्कोहोल असलेलं पेय जिभेवर पडलं की जीभ आधी साखरेचीच बाजू घेते. चार ग्लासांमधला सर्वांत गोड आणि सर्वांत गुळगुळीत ग्लास पहिल्या घोटाला हटकून जिंकतो, आणि अर्धा संपेपर्यंत नकोसा होतो. म्हणून पहिल्या घोटावर निकाल द्यायचा नाही. साखर, अल्कोहोल आणि फळ यांचा तोल कुठल्या बाटलीत शेवटपर्यंत टिकतो एवढंच शोधायचं. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका शोधासाठी आहे.

ग्लासात काय आहे ते आधी पाहू, कारण त्याशिवाय काय शोधायचं ते कळत नाही. पोर्ट उत्तर पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यात तयार होते. या प्रदेशाची हद्द 1756 साली, तेव्हा पोर्तुगालचं सरकार चालवणाऱ्या मार्क्वेस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत आखली गेली. पाटीच्या दगडासारखी थरांची, फुटणारी जमीन, उतारावर कापलेल्या पायऱ्या, रखरखीत उन्हाळा. द्राक्षं चुरडून आंबायला लागली की दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर अजून शिल्लक असताना, त्या रसात द्राक्षांपासूनच केलेला 77 टक्क्यांचा मद्यार्क ओततात. त्याला तिकडे आग्वारदेंत म्हणतात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते.

आता जरा हिशोब करू. चार भाग रस आणि एक भाग मद्यार्क, असं हे प्रमाण साधारण असतं. रसात तोवर 6 टक्के अल्कोहोल तयार झालं असेल, तर चार भागांचे 24 आणि एका भागाचे 77, मिळून 101. पाचाने भागलं की 20. बाटलीवर दिसणारा आकडा तोच. पण त्या 20 पैकी जवळपास 15 बाहेरून ओतलेल्या मद्यार्कातून आले आहेत. म्हणजे तुमच्या ग्लासातलं तीन चतुर्थांश अल्कोहोल त्या रसात तयारच झालेलं नाही. स्वस्त रुबीबद्दल "कडक लागते" अशी तक्रार येते ती इथून. मद्यार्क स्वच्छ आणि चांगला असेल, वाइनमध्ये नीट मुरलेला असेल, तर तो जाणवतही नाही, छातीत फक्त ऊब येते. नसेल तर फळ एकीकडे आणि दारू एकीकडे, अशा दोन वेगळ्या चवी लागतात. स्वस्त बाटल्यांमध्ये मी पहिला फरक इथेच शोधतो.

दुसरी अडचण वेळेची. साधी लाल वाइन सालीसकट आठवडा-दोन आठवडे ठेवता येते. पोर्टला रंग आणि तुरटपणा काढायला दोन-तीन दिवसच मिळतात. म्हणून पूर्वी लगार नावाच्या उथळ दगडी हौदांत माणसं तासन् तास द्राक्षं पायाने तुडवत. उंची पोर्टसाठी काही ठिकाणी अजूनही तुडवतात, काही ठिकाणी तेच काम यंत्राचे पाय करतात. साध्या रुबीचं काम बहुतेक वेळा स्टीलच्या टाक्यांत आणि पंपांवर भागतं. त्यात गैर काही नाही. मात्र सालीतून किती ऐवज बाहेर आला, हे ग्लासात रंगावर आणि हिरड्यांवर कळतं.

मग येतं मुरवणं. रुबी मोठ्या भांड्यांत ठेवतात: प्रचंड लाकडी पिंपं, स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाक्या. हवा लागू द्यायची नाही, म्हणजे माणकासारखा लाल रंग आणि ताज्या फळाचा वास टिकतो. नाव त्यावरूनच पडलं. टॉनी पोर्टचं उलट असतं. ती सुमारे 550 लिटरच्या पिंपांत हवेशी हळूहळू खेळत तांबूस होते. साधी रुबी दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते, तीही वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून. या मिश्रणाचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे. व्हिंटेज पोर्ट एकाच वर्षाच्या द्राक्षांची, म्हणून दर वर्षाची वेगळी असते. साधी रुबी मात्र दर वर्षी तीच चव यावी म्हणूनच मिसळलेली असते. एकदा नीट बसून चार घरांची, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांची, तुलना केलीत तर तो निकाल पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

आता बाटल्या. चाखायला बसण्याआधी चारही बाटल्या एकाच वर्गातल्या आहेत ना, हे पाहा. तुमच्या प्रश्नात एक बाटली बिन 27 आहे आणि बाकीच्या तीन साध्या रुबी आहेत. फॉन्सेकाची बिन 27, ग्रॅहॅम्सची सिक्स ग्रेप्स, सँडमनची फाउंडर्स रिझर्व्ह, वॉर्सची वॉरियर, कॉकबर्न्सची स्पेशल रिझर्व्ह, ही सगळी रिझर्व्ह रुबी आहेत. मोठ्या अक्षरांत ब्रँडचं नाव आणि बारीक अक्षरांत वर्ग, अशी मांडणी असली की लोक फसतात. रिझर्व्हसाठी अधिक चांगली द्राक्षं निवडतात आणि ती साधारणपणे जास्त मुरवतात. पूर्वी या वर्गाला व्हिंटेज कॅरेक्टर म्हणत. त्या नावाने व्हिंटेजशी गल्लत व्हायची, म्हणून ते बंद झालं. त्यापुढची पायरी लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एलबीव्ही: एकाच वर्षाच्या द्राक्षांची, तोडणीनंतर चौथ्या ते सहाव्या वर्षात बाटलीत भरलेली. साध्या रुबीच्या शेजारी रिझर्व्ह ठेवून "ही जास्त चांगली" म्हणणं म्हणजे दहावीतल्या मुलाची सातवीतल्याशी धावण्याची शर्यत लावण्यासारखं आहे. कळायचं काहीच नाही. आधी साध्यांची साध्यांशी, मग जिंकलेल्या साध्या रुबीची एका रिझर्व्हशी, असा क्रम ठेवा.

बाटलीच्या मानेवर कागदी पट्टी आहे का तेही बघा. डोरो आणि पोर्तो वाइन संस्थेची ती हमीची पट्टी असते, तिच्यावर क्रमांक असतो. संस्थेच्या चाखणाऱ्यांनी पास केल्याशिवाय ती मिळत नाही. नावात पोर्ट लिहिलेल्या पण डोरोशी संबंध नसलेल्या गोड लाल वाइन जगात इतरत्रही होतात. त्या वाईटच असतील असं नाही, पण या तुलनेत त्या नकोत. बूच हाताने ओढून निघणारं, वर टोपी असलेलं असेल, तर वाइन गाळलेली आहे, ठेवून सुधारणार नाही, लगेच प्यायची आहे असं समजा. अशी बाटली उभी ठेवायची. दुकानाच्या उजेडात वर्ष-दोन वर्षं उभी राहिलेली रुबी फळ हरवून बसते. त्यामुळे धूळ बसलेली बाटली "मुरलेली असेल" म्हणून उचलू नका.

आता टेबलाकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

सर्वांत आधी तापमान. एका उन्हाळ्यात एका मोठ्या खरेदीसाठी मी बारा रुबी चाखल्या. खोली तापलेली होती, बाटल्या सकाळपासून टेबलावर होत्या, थर्मामीटर मी आणलेला नव्हता. पाचव्या क्रमांकाच्या बाटलीपुढे मी लिहिलं, "जळजळीत, ढोबळ, फळ नाही," आणि ती यादीतून काढली. त्या बाराही बाटल्या रात्री थंड कोठीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज म्हणून पुन्हा ओतल्या, तर पाचवी बाटली त्या बारांमधली सर्वांत सरस निघाली. काळ्या चेरीचा स्वच्छ वास, शेवटी मिऱ्याची हलकी चुणूक. यादी तोवर पुढे गेली होती. एका चांगल्या वाइनवर मी केलेला तो अन्याय मला आजही बोचतो. 24-25 अंशांना मद्यार्क वर उसळतो आणि बाकी सगळं झाकतो. अगदी फ्रीजमधून काढलेली 6-7 अंशांची रुबी दिली तर उलट होतं: वास बंद होतो, गोडवा दबतो आणि तुरटपणा कडवट लागतो. 14 ते 16 अंश हे तुलनेसाठी उत्तम. फ्रीजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवली की साधारण तिथे येते, तरी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवून एकदा खात्री करा. चारही ग्लास सारख्याच तापमानाला हवेत, हे त्याहून महत्त्वाचं.

ग्लास लहान लिकरचा घेऊ नका. काठोकाठ भरलेल्या इवल्या ग्लासात वासाला जागाच उरत नाही. खाली फुगीर आणि वर निमुळता असा साधा वाइनचा ग्लास घ्या, सगळे एकाच आकाराचे. पोर्तुगालमध्ये पोर्टसाठी आर्किटेक्ट आल्वारो सिझा यांनी खास ग्लास आखला आहे. दांड्यावर अंगठा टेकायला खाच आहे. सुंदर आहे, पण त्यावाचून काही अडत नाही. प्रत्येक ग्लासात 30 मिलीलिटर पुरे.

आणि थुंकायचं. हे ऐकून लोक नाक मुरडतात, म्हणून आकडा सांगतो. 50 मिलीलिटरचे सहा ग्लास प्यालात तर 300 मिलीलिटर पोर्ट झाली, म्हणजे 60 मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. साध्या 12 टक्क्यांच्या वाइनची दोन तृतीयांश बाटली प्यायल्याइतकं. तिसऱ्या ग्लासानंतर जी बाटली आवडेल ती तिसऱ्या ग्लासानंतर आली म्हणून आवडेल. एक मोठं भांडं मध्ये ठेवा आणि सगळ्यांनी संकोच सोडा. गाडी चालवून घरी जाणाऱ्याने तर थुंकायलाच हवं, आणि तरीही चालवू नये.

बाटल्या झाका. कागदात गुंडाळा, मोजे चढवा, काहीही करा, आणि ओतणारा माणूस चाखणाऱ्यांतला नको. लेबल दिसलं की मत आधीच ठरतं. मी स्वतः एका नावाजलेल्या घराच्या रुबीला वर्षानुवर्षं झुकतं माप देत आलो होतो. झाकून चाखायला लागल्यावर ती सतत मधल्या जागी येऊ लागली. त्यातच एक जादा ग्लास घाला: चार बाटल्यांचे पाच ग्लास ओतायला सांगा, म्हणजे एक बाटली दोनदा येईल, कुठली ते तुम्हाला माहीत नसेल. त्या दोन सारख्या ग्लासांना तुम्ही फार वेगळे गुण दिलेत, तर त्या दिवशीच्या बाकीच्या गुणांवरही विश्वास ठेवू नका.

आता ग्लास हातात घ्या. पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कागदावर छापलेली ओळ वाइनमधून वाचता येते का? सहज वाचता आली तर सालीतून फारसं काही बाहेर आलेलं नाही. काठाकडे पाहा. जांभळट किंवा माणकासारखा लाल काठ म्हणजे वाइन ताजी आहे. काठ विटकरी झाला असेल तर बाटली जुनी आहे किंवा तिने ऊन खाल्लं आहे. मग चवीत वाळल्या फळाचा वास येईल, आणि काहींना तो आवडतोही, पण रुबीकडून आपण ते मागत नाही.

ग्लास न हलवता वास घ्या, मग हलवून. नाक अगदी आत खुपसू नका. 20 टक्क्यांच्या वाइनमध्ये तसं केलं की मद्यार्क नाक सुन्न करतो आणि पुढचे दोन ग्लास वाया जातात. ग्लास हनुवटीशी धरा आणि हळूहळू वर आणा. मी वासात एकच प्रश्न विचारतो: हे फळ ताजं आहे की शिजवलेलं? ताजी चेरी, ब्लॅकबेरी, प्लम असा वास आला तर द्राक्षं वेळेवर तोडली आहेत आणि वाइन तरुण आहे. नुसता जॅमचा वास आला, त्याखाली काहीच नाही, तर ती पहिल्या घोटाला जिंकणारी बाटली असण्याची शक्यता मोठी. फळाच्या मागे आणखी काही लागतं का? व्हायोलेट फुलाचा वास, मिरी, रानटी झुडपाचा राळेसारखा गंध, काळं चॉकलेट. तुरिगा नासिओनाल या द्राक्षात फुलांचा वास मुबलक असतो. साध्या रुबीत ते द्राक्ष थोडंच असतं, पण जिथे असतं तिथे नाकाला कळतं. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर तो दोष आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरसट आला तर बूच बिघडलेलं आहे, त्या बाटलीवर मत देऊ नका, बदलून घ्या.

मग घोट. छोटा, पण तोंडभर फिरवायचा. गोडवा लगेच येतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा आणि मोजायला लागा. दोन-तीन सेकंदांनी जबड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटतं का? ते आंबटपणाचं काम. आंबटपणा भरपूर असेल तर तेवढीच साखर असूनही वाइन कमी गोड वाटते. दोन बाटल्यांत "ही कमी गोड" असं तुम्हाला वाटतं तेव्हा बऱ्याचदा साखर सारखीच असते, आंबटपणा वेगळा असतो. मग हिरड्या. जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. किंचित खरखरीत, कोरडी लागली तर तुरटपणा आहे, आणि रुबीत तो हवाच, कारण आंबटपणाखेरीज साखरेला धरून ठेवणारं दुसरं काही तिच्यात नाही. मग थुंका आणि थांबा. आता मुख्य परीक्षा आहे. तोंडात शेवटी काय उरतं? आधी फळ जातं आणि मागे चिकट गोडवा व घशात चटका उरतो, की आधी साखर विरते आणि चेरी, मिरी, कोको असं काही दहा-बारा सेकंद रेंगाळतं? ज्या बाटलीत फळ साखरेपेक्षा उशिरा जातं ती बाटली बाजूला काढा. किंमत काहीही असो.

हे करताना घाईघाईने मत बोलू नका. प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या, मग बोलायचं. टेबलावरचा पहिला मोठा आवाज "ही मस्त आहे" म्हणाला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्यामागे जातात. दोन ग्लासांमध्ये पाणी प्या, साध्या पावाचा तुकडा खा, दोन मिनिटं जाऊ द्या. चॉकलेट, चीज, सुकामेवा काही नको. निळं चीज आणि पोर्ट ही जोडी उत्तम आहे, पण चीजचं मीठ आणि चरबी कुठल्याही रुबीला चांगलं दाखवते. ती जोडी निकाल लागल्यानंतरची. सगळे ग्लास एकदा झाले की उलट क्रमाने पुन्हा एकदा चाखा. साखर जिभेवर साचत जाते, त्यामुळे शेवटच्या ग्लासावर नेहमी अन्याय होतो. उलट फेरीत तो भरून निघतो.

तरीही दोन बाटल्यांमधला फरक निसटत असेल तर पाणी वापरा. दोन्ही ग्लासांत 20 मिलीलिटर पोर्ट आणि तितकंच साधं पाणी. अल्कोहोल 10 टक्क्यांवर येतं, चटका निघून जातो आणि आत जे काही आहे ते उघडं पडतं. अशक्त रुबी पाण्यात मिसळली की सरबत होते. चांगली रुबी पातळ होते, पण वाइनच राहते, फळ आणि तुरटपणा ओळखू येतो. प्यायला हे मिश्रण काही आनंदाचं नाही, पण चार ओळखीच्या बाटल्यांवर एकदा करून पाहा. मला स्वतःला स्वस्त रुबी समजायला लागली ती या युक्तीपासून.

आणि "मला फरक कळतोच कुठे" अशी शंका असेल तर त्रिकोणी चाचणी घ्या. तीन ग्लास, दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा बरोबर आलं यात काही नाही. पाच वेळा करा, वेगवेगळ्या क्रमाने. पाचपैकी चार वेळा बरोबर आलं तर फरक खरोखर कळतोय. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी आहे. माझ्या वर्गांत ज्यांनी "सगळ्या सारख्याच" म्हणून सुरुवात केली, त्यांतल्या बहुतेकांना एका तासाच्या सरावानंतर हे जमतं.

घरांच्या शैलीबद्दल थोडं सांगतो, म्हणजे कुठली बाटली कुणाशी लावावी याची दिशा मिळेल. ग्रॅहॅम्सचा कल भरगच्च आणि गोडाकडे. डाऊज त्याच कुटुंबाच्या मालकीचं, पण चव कोरडेपणाकडे झुकणारी, आंबवण थोडी पुढे जाऊ दिलेली. सिमिंग्टन कुटुंबाकडे ही दोन्ही घरं आहेत, वॉर्स आणि कॉकबर्न्सही आहेत, आणि तरीही शैली वेगवेगळ्या जपल्या आहेत. म्हणून तोल म्हणजे काय हे शिकायचं असेल तर ग्रॅहॅम्स आणि डाऊज यांची एकाच वर्गातली बाटली शेजारी ठेवण्यासारखा धडा नाही. फॉन्सेका रसरशीत फळासाठी ओळखलं जातं. 1972 साली बाजारात आलेली बिन 27 चाखली की ते लगेच लक्षात येतं. फॉन्सेका, टेलर्स आणि क्रॉफ्ट एकाच मालकीची. सँडमन, फेरेरा, ऑफली सोग्रापे या पोर्तुगीज कंपनीकडे. यांतलं कुठलं घर श्रेष्ठ, असा निकाल मी देणार नाही. कोरडेपणा आवडणाऱ्याला डाऊजची साधी बाटली दुसऱ्याच्या महागड्या बाटलीपेक्षा जास्त आनंद देते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

रिझर्व्ह घ्यावी का? माझं स्पष्ट मत: रुबी नुसती, हळूहळू, जेवणानंतर प्यायची असेल तर घ्या. साध्या रुबीकडून रिझर्व्हकडे जाताना थोड्या जास्त पैशांत जेवढी झेप मिळते, तेवढी पोर्टमध्ये पुढे कुठेच मिळत नाही. फळ गडद होतं, तुरटपणा दिसायला लागतो, आणि मद्यार्क मुरलेला असतो, हे सर्वांत मोठं. स्वयंपाकात घालायची, बर्फ आणि टॉनिक घालून प्यायची, किंवा खूप गोड पदार्थासोबत द्यायची असेल तर साधीच घ्या, रिझर्व्हचे पैसे तिथे कुणाला दिसणार नाहीत. रिझर्व्हवरून गाळलेल्या एलबीव्हीकडे जाताना मात्र फरक फार नसतो. मला तर कित्येकदा रिझर्व्हच उजवी वाटली आहे. न गाळलेली एलबीव्ही ही वेगळी गोष्ट. तिला लांब बूच असतं, तळाशी गाळ बसतो, बाटली आडवी ठेवता येते, आणि ती काही वर्षं मुरतेही. लेबलवर "अनफिल्टर्ड" दिसलं आणि भाव आवाक्यात असला तर मी ती सोडत नाही.

उघडलेल्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण निम्मं उत्तर तिथेच आहे. तुमच्याकडे त्या चार बाटल्या आता उघड्या आहेत आणि प्रत्येकीत बरीच उरलेली असेल. बूच घट्ट लावा, फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा झाकून चाखा. तोल सैल असलेल्या रुबीचं फळ तोवर विटायला लागतं आणि साखर उघडी पडते. चांगलीचा मद्यार्क उलट थोडा शांत झालेला असतो, वास मोकळा होतो. आठवडाभर रुबी चांगली टिकते. दहा दिवसांनंतर मी ती तुलनेसाठी वापरत नाही.

तर बिन 27 बाजूला ठेवा. उरलेल्या तिघी, त्यांतली एक दोनदा, असे चार ग्लास, 15 अंशांना, झाकून, थुंकून. लिहिलेले कागद जपून ठेवा. तिसऱ्या दिवशी ज्या बाटलीचा पूर्ण ग्लास भरून घ्यावासा वाटेल, ती घेऊन बिन 27 समोर बसा, आणि रिझर्व्हसाठी जास्त पैसे द्यायचे की नाही ते त्या रात्री तुमच्या तोंडात काय शेवटी उरतं त्यावर ठरवा.